अफ्लाटॉक्सिन तपासणीची पट्टी किट: पट्टी चोख, नमुन्याचे काय?

अफ्लाटॉक्सिन म्हणजे मका, शेंगदाणे अशा मालात बुरशी बनवते ते विष, आणि ते मोजायच्या पट्टी किटचे हे परीक्षण. खोक्यात काय असते ते आधी. ओलावाशोषक घातलेल्या बंद डबीत पट्ट्या, तितक्याच छोट्या कुप्या, सौम्य करायचे द्रावण, पिपेटच्या टिप्स आणि काही किटमध्ये अर्क काढायच्या पावडरीच्या पुड्या. पट्टी वाचणारे यंत्र, म्हणजे रीडर, वेगळा घ्यावा लागतो. ग्राइंडर, चाळणी आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटाही वेगळाच. खोक्यावर ‘१० मिनिटांत निकाल’ असे छापलेले असते. ते खोटे नाही, पण ती शेवटची दहा मिनिटे. त्याआधी नमुना गोळा करणे, दळणे आणि चाळणे यात तास-दीड तास जातो, आणि निकाल बरोबर येणार की चूक हे त्या तासातच ठरते.

मत सुरुवातीलाच देतो. गोदाम, तेलगिरणी, पशुखाद्याचा कारखाना किंवा माल एकत्र करून विकणारा शेतकरी गट यांनी रीडरसह येणारी, पाण्यावर चालणारी किट जरूर घ्यावी. नुसत्या डोळ्यांनी वाचायची ‘हो-नाही’ पट्टी एका ठरावीक कामापुरती ठीक आहे. घरच्या डब्यातले दाणे तपासायला मात्र यातली कोणतीच घेऊ नये, त्याचे कारण पुढच्या हिशोबात कळेल.

कोरडे वर्ष म्हणजे निर्धोक वर्ष नव्हे

पाऊस जास्त झाला की बुरशी, कोरडे वर्ष म्हणजे माल चांगला, हा ठोकताळा अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत फसतो. हे विष बनवणारी अस्परजिलस फ्लेव्हस ही उष्ण हवेतली बुरशी. ३० ते ३५ अंशांना ती जोमात वाढते, आणि बाकीच्या बऱ्याच बुरश्या जिथे हात टेकतात तितक्या कोरड्या दाण्यावरही तग धरते. दाणे भरताना पिकाला पाण्याचा ताण पडला आणि तापमान चढेच राहिले की पिकाचा बचाव ढिला पडतो. भुईमुगात हे फार स्पष्ट दिसते. शेंगेतला भरता दाणा बुरशीला रोखणारी रसायने स्वतःच बनवतो, पण दाण्यातले पाणी घटले की ती बनायची थांबतात. काढणीआधीचे शेवटचे ४ ते ६ आठवडे जमीन कोरडी आणि शेंगांच्या थरातली माती २८ ते ३० अंश गरम, असा मेळ बसला की विष शेतातच तयार होते. पुढे गोदाम कितीही उत्तम असले तरी आत आलेले विष बाहेर जात नाही.

उत्तर इटलीतल्या मक्याला २००३ च्या उष्ण, कोरड्या उन्हाळ्याने हा धडा दिला. त्याआधी तिथे अफ्लाटॉक्सिन म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाची काळजी समजली जाई. २०१२ च्या दुष्काळानंतर सर्बियातही तेच झाले. मक्यातले विष पशुखाद्यातून गायींच्या पोटात गेले आणि २०१३ च्या सुरुवातीला दुधात एम१ या रूपात सापडले. तिथल्या सरकारने दुधाची मर्यादा किलोला ०.०५ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर नेली, म्हणजे दूध होते तसेच राहिले आणि नियम दहा पटींनी सैल झाला.

तापमान वाढते तशी या बुरशीची हद्द थंड प्रदेशांकडे सरकते. किडींच्या पिढ्या हंगामात वाढतात, कणसे पोखरणाऱ्या अळ्या दाण्याला भोके पाडतात आणि त्या भोकांतून बुरशी आत शिरते. प्रयोगशाळेतल्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे: उष्णता, पाण्याचा ताण आणि हवेतला वाढीव कार्बन डायऑक्साइड हे तिन्ही एकत्र आले की बुरशीची वाढ फारशी बदलत नाही, पण विष बनवण्याचे प्रमाण वाढू शकते. डोळ्यांना दिसणारी बुरशी आणि दाण्यातले विष यांचा संबंध मुळातच सैल होता, तो आता आणखी सैल होतो आहे. ‘माल दिसायला स्वच्छ आहे’ या वाक्याची किंमत त्यामुळे कमी झाली आहे आणि मोजून पाहणाऱ्या किटची वाढली आहे.

गोदामातही गणित बदलते. मक्याचा ओलावा तोच १४ टक्के असला तरी दाण्याचे तापमान वाढले की त्यातले बुरशीला वापरता येण्याजोगे पाणी वाढते. थंड हवेत १४ टक्क्यांवर महिनोन्‌महिने टिकणारा माल गरम शेडमध्ये टिकेलच असे नाही. तिथे १३ किंवा त्याखाली उतरावे लागते. भुईमुगाच्या सोललेल्या दाण्याला ७ ते ८ टक्के.

कोणत्या विषाची पट्टी मागवायची

इथे बरेच जण चुकतात. एक पट्टी एकच विष पाहते. अफ्लाटॉक्सिनची पट्टी स्वच्छ आली म्हणजे मका स्वच्छ, असे होत नाही. त्याच मक्यात फ्युमोनिसिन भरपूर असू शकते. ते बनवणाऱ्या फ्युसेरियम व्हर्टिसिलिऑइडिसलाही उष्णता आणि अळ्यांनी पोखरलेली कणसे मानवतात, त्यामुळे ही दोन विषे हातात हात घालून येतात. फुलोऱ्याच्या वेळी हवा ओली आणि थंडसर राहिली तर डीऑन (पूर्ण नाव डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) आणि झिअरॅलेनोन यांचा संशय आधी घ्यावा, गव्हात तर नक्कीच.

म्हणून ऑर्डर देण्याआधी हंगामाची नोंद समोर ठेवावी. दाणे भरताना कोरडे आणि गरम होते का? अफ्लाटॉक्सिन, आणि मका असेल तर फ्युमोनिसिनही. तुरा-फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला का? डीऑन. हल्ली एकाच हंगामात दोन्ही होते: दाणे भरताना ताण आणि काढणीला अवकाळी पाऊस. अशा वर्षी एकाच अर्कातून दोन-तीन विषे तपासता येतील अशी पट्ट्यांची मालिका असलेली किट परवडते, कारण दळणे-चाळणे एकदाच होते.

एककांकडे लक्ष हवे. अफ्लाटॉक्सिन किलोला मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे पीपीबीत मोजतात. फ्युमोनिसिन आणि डीऑन बहुतेकदा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पीपीएममध्ये. रीडरच्या पडद्यावर ‘२’ दिसले तर ते कोणत्या एककातले हे नोंदवहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोहोंत हजार पटींचा फरक आहे.

फिकी रेषा म्हणजे जास्त विष

गर्भधारणेच्या चाचणीची सवय असलेला माणूस ही पट्टी हमखास उलटी वाचतो. इथे दोन रेषा येतात. वरची नियंत्रण रेषा, जी नेहमी उमटलीच पाहिजे, आणि खालची चाचणी रेषा. पट्टीवर रंगीत कणांना चिकटवलेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाला धरून ठेवणारी प्रथिने, असतात. अर्कात विष नसेल तर ती वर चढत चाचणी रेषेवर अडकतात आणि रेषा गडद होते. विष असेल तर प्रतिपिंडे आधीच त्याच्यात गुंततात, रेषेवर कमी अडकतात, रेषा फिकी पडते. विष भरपूर असेल तर रेषा नाहीशीच. नियंत्रण रेषा आली नाही तर पट्टी बाद, तिच्यावरून काहीही म्हणू नये.

रीडर त्या रेषेची गडद-फिकट छटा मोजून आकडा देतो. त्यासाठी त्याला त्या बॅचची, छटेवरून आकडा काढायची वक्ररेषा माहीत असावी लागते, ती बारकोड किंवा क्यूआर कोडमधून जाते. नवी डबी उघडली आणि जुन्याच डबीचा कोड राहिला, तर यंत्र तक्रार न करता चुकीचा आकडा देते. ही चूक पकडणे अवघड, कारण आकडा दिसायला अगदी नीट असतो.

नमुना: सगळा खेळ इथे

बुरशीविष मालात मिठासारखे सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे निर्दोष असतात आणि एखादा दाणा विषाने गच्च भरलेला असतो. हिशोबच मांडू. शेंगदाण्याचा एक दाणा अर्ध्या ग्रॅमचा धरा, म्हणजे किलोत २,००० दाणे. दर २,००० दाण्यांत एकच दाणा खराब आहे आणि त्यात किलोला ४०,००० मायक्रोग्रॅम या दराने विष आहे. असे दाणे खरोखर सापडतात, याहून कितीतरी वाईटही सापडतात. त्या एका दाण्यात २० मायक्रोग्रॅम विष असते, म्हणजे सगळ्या मालाची खरी सरासरी किलोला २० मायक्रोग्रॅम.

आता या ढिगातून मूठभर, ५० ग्रॅम दाणे उचलले. त्यात १०० दाणे आले. खराब दाणा त्यात असण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. म्हणजे शंभरातून पंचाण्णव वेळा पट्टी ‘शून्य’ म्हणेल, आणि उरलेल्या वेळी ४०० किंवा जास्त. खरे उत्तर २० आहे, ते एकदाही येणार नाही. १ किलो घेतला तरी तो दाणा पूर्ण हुकण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. ५ किलो घेतला तर १ टक्क्याखाली, आणि निकाल दहापैकी नऊ वेळा साधारण ८ ते ३२ च्या दरम्यान पडतो. घरच्या डब्यासाठी किट घेऊ नये ते यामुळे: तिथे जो नमुना घेणे शक्य आहे, त्याच्या निकालाला अर्थच नसतो.

युरोपीय संघाच्या पद्धतीत धान्यासाठी किती ठिकाणांहून किती माल काढायचा हे ठरलेले आहे, आणि ते प्रमाण कुठेही वापरण्यासारखे आहे. अर्धा ते एक टन मालाला १० ठिकाणांहून मिळून १ किलो. १ ते ३ टनांना २० ठिकाणांहून २ किलो. ३ ते १० टनांना ४० ठिकाणांहून ४ किलो. १० ते २० टनांना ६० ठिकाणांहून ६ किलो, आणि त्याच्या वर ५० टनांपर्यंत १०० ठिकाणांहून १० किलो. प्रत्येक ठिकाणचा घास साधारण १०० ग्रॅमचा. भुईमुगासाठी याहून जास्त लागतो, कारण दाणा मोठा आणि किलोत दाण्यांची संख्या कमी.

परखी, म्हणजे पोत्यातून दाणे काढायची टोकदार नळी, पोत्यात फक्त वरून खुपसू नये. वर, मध्ये, तळाशी आणि कडेने, सगळीकडून घ्यावे. पोत्याच्या तळाशी चुरा आणि बारीक दाणे साचतात, आणि तुटके, पोचट, सुरकुतलेले दाणे हेच विषाचे घर. सगळ्यात सोपा आणि चांगला नमुना मिळतो तो माल वाहताना: मळणीयंत्राच्या तोंडाशी, माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर किंवा ट्रक रिकामा होताना ठरावीक वेळाने पूर्ण धारेतून एक घास. ढीग एकदा स्थिर झाला की त्याच्या पोटात हात पोहोचत नाही.

दळणे आणि वाटणे

गोळा केलेला नमुना जमेल तितका सगळा दळावा. चार किलोतून मूठभर काढून तेवढेच दळले तर वरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी. एकदम पूर्ण बारीक करता येत नसेल तर आधी सगळा भरडा करावा, तो नीट कालवून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवावेत, पुन्हा तसेच, आणि उरलेला किलोभर बारीक दळावा. पीठ २० मेशच्या, म्हणजे ०.८५ मिलिमीटरच्या चाळणीतून किमान तीन चतुर्थांश तरी खाली उतरले पाहिजे, त्याहून जास्त उतरले तर उत्तम. बाजारच्या इन्स्टंट कॉफीच्या पावडरीइतके बारीक झाले की पुरे, मैदा नको. फार बारीक पीठ अर्कात गाळ धरते आणि गाळणकागद तुंबतो.

शेंगदाण्याची गंमत वेगळी. ग्राइंडर गरम होतो, तेल सुटते, पिठाऐवजी लगदा होतो आणि चाळणीचा प्रश्नच मिटतो. अशा वेळी थांबत थांबत, थोडे थोडे दळावे, किंवा सम वजनाचे पाणी घालून मिक्सरमध्ये दाट घोळ करावा आणि त्यातून भाग घ्यावा. घोळ केला तर त्यातले पाणी पुढच्या अर्काच्या मापात धरावे लागते. किटच्या पुस्तिकेत घोळाची पद्धत दिली नसेल तर ती किट शेंगदाण्यासाठी नाहीच असे समजावे.

दोन नमुन्यांच्या मध्ये ग्राइंडर ब्रशने झाडावा आणि पुढच्या नमुन्यातले थोडे दाणे दळून ते फेकून द्यावेत. एका वाईट नमुन्याची उरलेली धूळ पुढच्या स्वच्छ नमुन्याला सहज ५-६ पीपीबी चिकटवते, आणि मर्यादा ४ असेल तर तेवढ्याने माल नापास होतो. दळताना तोंडाला एन९५ मास्क हवाच, कापडी रुमाल चालत नाही. उडणाऱ्या पिठात तेच विष असते.

अर्क: मिथेनॉल की पाणी

जुन्या धाटणीच्या किटमध्ये ७० टक्के मिथेनॉल वापरतात: ७ भाग मिथेनॉल, ३ भाग पाणी, आणि नमुन्याच्या पाचपट अर्कद्रव. १० ग्रॅम पिठाला ५० मिलिलिटर. दोन-तीन मिनिटे जोरात हलवायचे, गाळायचे, सौम्य करायचे. पद्धत पक्की आहे, पण मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील. गोदामात, धुळीत, वायरिंगच्या शेजारी ते ठेवणे योग्य नाही. शिवाय उष्ण हवेत बाटलीचे झाकण सैल राहिले की मिथेनॉल पाण्याआधी उडून जाते, प्रमाण बिघडते, आणि विष पुरेसे अर्कात उतरत नाही. आकडा कमी येतो. उलट सौम्य करताना द्रावण कमी पडले आणि मिथेनॉलचे प्रमाण चढे राहिले, तर प्रतिपिंडे नीट काम करत नाहीत आणि दोन्ही रेषा फिक्या येतात. दोन्ही रेषा एकदम फिक्या दिसल्या की विषाचा संशय घेण्याआधी सौम्यीकरण पाहावे.

पाण्यावरच्या किटमध्ये पुडीतली पावडर असते. अफ्लाटॉक्सिन नुसत्या पाण्यात फारसे विरघळत नाही, त्याला ओढून काढायचे काम ती पावडर करते. पुडी घालायची राहिली तर पट्टी स्वच्छ येते आणि कुणाला शंकाही येत नाही. म्हणून नमुन्याच्या बाटलीवर पेनने खूण करावी: पीठ घातले, पुडी घातली, पाणी घातले. ही बारकाई वाचायला बाळबोध वाटते. दिवसाला चाळीस नमुने करणाऱ्याला तशी वाटणार नाही. आमचे मत स्पष्टपणे पाण्यावरच्या किटच्या बाजूने आहे, विशेषतः काम प्रयोगशाळेबाहेर चालणार असेल तर.

पट्टी चालवताना

फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांना ठेवलेली डबी बाहेर काढून लगेच उघडू नये. गार पट्टीवर हवेतली वाफ बसते आणि प्रतिपिंडांची जागा भिजते. बंद डबी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी. हवी तेवढीच पट्टी काढून झाकण तत्काळ लावावे. दमट हवेत उघड्या राहिलेल्या डबीतल्या शेवटच्या दहा पट्ट्या हमखास दगा देतात.

१०० मायक्रोलिटर म्हणजे १००, थेंबाच्या अंदाजाने नाही. प्रत्येक नमुन्याला नवी टिप. पट्टी कुपीत घातल्यापासून घड्याळ लावावे आणि पुस्तिकेत ५ मिनिटे असतील तर पाचव्या मिनिटाला वाचावे. उशिरा वाचली की कडा सुकतात आणि छटा बदलते. काही किटसोबत ठरावीक तापमानाचा छोटा तापक येतो, त्यात पट्टी चालवायची असते. ज्या किटला खोलीचे तापमान चालते तिची मर्यादा बहुधा ३० अंशांच्या आसपास संपते. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४० अंश असताना त्या किटचा आकडा भरवशाचा नाही. तापक असलेली किट थोडी अवजड, पण बदलत्या हवामानात तीच बरी. वाढत्या उष्णतेने पिकावर परिणाम होतो तसा तपासणीच्या टेबलावरही होतो, हे खोक्यावर कुणी छापत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारे रीडर आकर्षक आहेत, पण उजेड बदलला की आकडा बदलतो. सोबत अंधारी डबी येत असेल तरच घ्यावेत.

आकडा काय सांगतो, काय नाही

रीडरच्या पट्टीची वाचनक्षमता साधारण २ पीपीबीपासून सुरू होते. युरोपीय संघात थेट खाण्याच्या धान्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ४, अमेरिकेत मानवी अन्नाला २०, आणि पुढे प्रक्रियेला जाणाऱ्या भुईमुगासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची १५. या सगळ्यांसाठी पट्टी कामाची. पण युरोपात लहान बाळांच्या धान्याहाराला बी१ ची (अफ्लाटॉक्सिनच्या बी१, बी२, जी१, जी२ या चार प्रकारांतला सर्वांत विषारी) मर्यादा ०.१ आहे. तिथे या पट्टीने ‘सापडले नाही’ म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. त्या मालाला प्रयोगशाळाच हवी.

पट्टीच्या निकालात थोडा इकडेतिकडे फरक असतोच. ९ आणि ११ हे दोन वेगळे आकडे आहेत असे मानू नये. मर्यादेच्या जवळचा निकाल आला तर तोच अर्क पुन्हा चालवण्यापेक्षा त्याच पिठातून नवा अर्क काढावा, आणि शक्य असेल तर मालातून नवा नमुना. पडद्यावर ‘१०० पेक्षा जास्त’ आले तर नोंदवहीत १०० लिहू नये. अर्क सांगितलेल्या प्रमाणात सौम्य करून पुन्हा चालवावा आणि गुणक लावावा.

दोन आंधळ्या जागा लक्षात असाव्यात. प्रतिपिंडे बी१ ला चांगली धरतात, जी१-जी२ ला कमी. अस्परजिलस पॅरासिटिकसचा प्रादुर्भाव असेल, जो चारही प्रकार बनवतो, तर एकूण आकडा कमी येऊ शकतो. दुसरी जागा पिकाची. मक्यासाठी प्रमाणित केलेली पट्टी ज्वारीवर, सरकीवर किंवा रंगीत मसाल्यांवर तशीच चालत नाही. गडद ज्वारीतली टॅनिन आणि मसाल्यांतली रंगद्रव्ये मध्ये येतात. किटच्या यादीत ज्या पिकाचे नाव नाही, त्यावर काढलेला आकडा हा आकडा नसतो. अमेरिकेच्या कृषी खात्याची धान्य तपासणी यंत्रणा (एफजीआयएस) झटपट किटची चाचणी घेते आणि कोणती किट कोणत्या पिकासाठी पास झाली याची यादी ठेवते. खरेदीआधी तिथे आपले पीक शोधावे.

एक बाजूची गोष्ट. काही भागांत शेतात विष न बनवणारी अस्परजिलस फ्लेव्हस मुद्दाम सोडतात, म्हणजे विष बनवणारीला जागा मिळू नये. अशा मालावर हिरवट बुरशी दिसूनही पट्टी स्वच्छ येऊ शकते. पट्टी विष मोजते, बुरशी नाही.

पर्यायांशी तुलना

काळ्या प्रकाशाची टॉर्च, म्हणजे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, स्वस्त असते. तिच्याखाली भरडलेल्या मक्यात हिरवट-पिवळी चमक दिसते. पण ती चमक अफ्लाटॉक्सिनची नाही, बुरशीच्या कोजिक आम्लापासून बनणाऱ्या दुसऱ्या पदार्थाची आहे. काढणीनंतर लगेच संशय घेण्यापुरती ठीक. जुन्या मालात चमक गेलेली असते, विष राहिलेले असते. टॉर्चवर माल पास करू नये.

एलायझा प्लेट, म्हणजे प्रतिपिंडांवरच चालणारी पण खाचांच्या ताटलीत करायची चाचणी, एकावेळी अनेक नमुने करते, आकडाही नेमका देते, पण हात बसलेला माणूस हवा. दिवसाला तीसच्या वर नमुने असतील तरच तिचा विचार करावा. शेवटचा शब्द एचपीएलसी किंवा एलसी-एमएस/एमएस यंत्र असलेल्या प्रयोगशाळेचा. पट्टी घेतली म्हणून तिकडचा खर्च पूर्ण वाचत नाही. दर वीस नमुन्यांमागे एक, आणि मर्यादेजवळचा प्रत्येक, तिकडे जावा. त्यासाठी पिठाचा एक भाग हवाबंद पाकिटात, थंड जागी राखून ठेवावा.

घ्यायची झाल्यास

तापकासह येणारी, पाण्यावर चालणारी, रीडरची किट: पाचपैकी सव्वाचार. पाऊण गुण जातो तो पुस्तिकांसाठी. नमुन्यावर अर्धे पान आणि रीडरच्या बटणांवर सात पाने, हे प्रमाण उलटे हवे. मिथेनॉलवरची किट: चांगले वायुवीजन असलेल्या खोलीत पावणेचार, बाकी ठिकाणी अडीच. डोळ्यांनी वाचायची ‘हो-नाही’ पट्टी: खरेदीच्या दारावर उघड वाईट माल बाजूला काढण्यापुरती तीन. ती १० च्या खुणेची असेल आणि माल ८ ते १२ चा असेल तर ती काहीही सांगेल, त्यामुळे त्या टप्प्यात तिच्यावर भांडण करू नये.

खरेदीसोबत माहीत असलेल्या विषप्रमाणाचे संदर्भ पीठ नक्की घ्यावे. आठवड्यातून एकदा आणि प्रत्येक नव्या डबीला ते चालवावे. आकडा त्याच्या दाखल्यावरच्या मर्यादेत नसेल तर त्या दिवसाचे सगळे निकाल थांबवावेत. पट्ट्या हंगामाआधी फार लवकर मागवू नयेत, मुदत काढणीच्या मध्येच संपते.

माल नापास झाला तर चांगल्या मालात मिसळून आकडा खाली आणायचा मोह होतो. युरोपात त्याला बंदी आहे, आणि जिथे नाही तिथेही तो गच्च भरलेला दाणा कुणाच्या तरी ताटात जातोच. शिजवून, भाजून विष पूर्ण जात नाही. पोचट, तुटके, रंग बदललेले दाणे निवडून काढले तर मात्र बराच फरक पडतो. निवडल्यावर नवा नमुना, नवे दळण, नवी पट्टी. काढलेला कचरा गुरांच्या खाद्यात टाकू नये: गायीने खाल्लेल्या बी१ पैकी साधारण १ ते ६ टक्के एम१ होऊन एक-दोन दिवसांत दुधात उतरते, आणि दुधासाठीची पट्टी वेगळी घ्यावी लागते.